‘डिसइन्हेरिटेड’ला मराठीत काय म्हणावं? (मास्टर ऑफ सिंक्लेअरच्या निमित्ताने)

प्रश्न : स्कॉटलंडच्या जॉन सिंक्लेअरवर (१६८३–१७५०) लेख लिहिते आहे. लॉर्ड सिंक्लेअरचा हा थोरला मुलगा, पण वडिलांची जहागीर गेली धाकट्या भावाकडे. यासाठी ‘बेदखल’ लिहिलं, तर घरातल्यांनी वाचून विचारलं, ‘कुळाला जमिनीवरून काढलं का?’ दुसरा शब्द सुचवाल का? आणि ‘मास्टर ऑफ सिंक्लेअर’मधल्या ‘मास्टर’चं काय करू?

उत्तर : घरातल्यांचं बरोबर आहे. ‘दखल’ म्हणजे ताबा. ज्याच्या हाती ताबा होता तोच बेदखल होतो. सिंक्लेअरच्या हाती जहागीर आलीच नव्हती, तो नुसता वारस होता. ‘बेवारस’ तर अगदी उलट, ज्याला वारस नाही तो. धर्मशास्त्रात ‘अनंश’ हा नेमका शब्द आहे, ज्याला वाटाच मिळत नाही असा. मनुस्मृतीतली अनंशांची यादी प्रसिद्धच आहे. पण आजच्या लेखात तो टीप दिल्याशिवाय कळणार नाही.

‘मास्टर’ इथे मालकही नव्हे आणि गुरुजीही नव्हेत. स्कॉटलंडमध्ये लॉर्डच्या वारसाला ही उपाधी लावतात. ‘युवराज’ राजघराण्याचा वाटतो. उपाधी तशीच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘थोरल्या पातीचा (शाखेचा) वारस’ असं लिहा.

प्रश्नकर्तीचं उत्तर : ‘थोरली पाती’ फार आवडलं, कारण या माणसाचं सगळं नशीब थोरलेपणानेच ठरलं. १७०८ मध्ये त्याने शॉ आडनावाच्या दोन भावांना मारलं आणि लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. तो प्रशियात निसटला, १७१२ मध्ये माफी मिळाली. त्याच १७०८ मध्ये तो डायसार्ट भागातून पार्लमेंटवर निवडून आला होता, पण स्कॉटिश लॉर्डांच्या थोरल्या मुलांना कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, बसता येणार नाही, असं सभागृहाने डिसेंबरात ठरवलं. ती जागा त्या खुनांमुळे गेली असं मला आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात वारस असणंच आड आलं.

पुढे १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या बंडात, उतरला. बर्नटायलंड बंदरातल्या जहाजावरची सरकारी शस्त्रं पळवून आणण्याची धाडसी मोहीम त्याचीच. बंड फसल्यावर त्याच्यावर ‘अटेंडर’ लागला. १७२३ मध्ये वडील वारले, तेव्हा जहागीर धाकट्या जेम्सकडे गेली.

उत्तर : मग ‘बापाने हक्क काढून घेतला’ असं सरळ लिहू नका. अटेंडर म्हणजे राजद्रोहाचा ठपका. त्यात जहागीर आणि उपाधी तर जातातच, वर रक्तही दूषित ठरतं, म्हणजे त्या माणसाच्या हातून वारसा पुढे वाहू शकत नाही. जॉनच्या नावावर मालमत्ता आली असती तर सरकारने खालसा केली असती. धाकट्याला देणं हा घर राखण्याचा मार्ग होता. तेव्हा सरकारच्या कृतीला ‘जप्ती’ किंवा ‘खालसा’ म्हणा आणि घरातल्या निर्णयाला ‘डावलणं’. एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द लागले तर लागू देत.

माणसासाठी माझी सूचना : ‘वडीलपण गमावलेला’, म्हणजे थोरलेपणाचा हक्क गमावलेला. आपल्या पाटीलकीच्या जुन्या कागदांत भाऊबंद ‘वडीलपणा’साठी पिढ्यान्‌पिढ्या भांडलेले दिसतात. पहिला मान कोणाचा, हे त्यावर ठरायचं. जमीन आणि मान दोन्ही त्या एका शब्दात येतात.

प्रश्नकर्ती : ‘वडीलपण’ घेतेच. शेवटचा भाग ऐका. १७२६ मध्ये जॉनला माफी मिळाली ती जिवापुरती. उपाधी परत आली नाही. पण जेम्सने जहागीर थोरल्या भावाच्या हाती दिली. १७५० मध्ये जॉन वारल्यावर लॉर्डपद जेम्सकडे चालत आलं, तर त्याने ते लावून घेतलं नाही. लॉर्ड झाला असता तर कॉमन्समधली जागा सोडावी लागली असती, आणि ती त्याला सोडायची नव्हती. तशीच जागा थोरल्याला वारस म्हणून नाकारली गेली होती. जेम्सने जहागिरीचं जे केलं त्याला एका शब्दात काय म्हणावं?

उत्तर : ‘अमानत’. पेशवाईत तंट्यातलं वतन निकाल लागेपर्यंत अमानत ठेवत. मधल्या काळात सांभाळलं आणि ज्याचं त्याला दिलं, हा अर्थ तुमच्या जेम्सला चपखल बसतो. लेखात ‘जेम्सने जहागीर अमानत सांभाळली’ असं बेलाशक लिहा.