धागा: गावाकडून शहरात जाऊन चित्रं, कला पाहिली का? या, लिहा

पांदणवाट:
आपण देवदर्शनाला जातो, लग्नाला जातो, दवाखान्यासाठी जातो, पण फक्त चित्रं पाहायला म्हणून विदर्भातल्या खेड्यांतून कोण कोण गेलंय? गेले असाल तर मोकळेपणानं लिहा. माझ्यापासून सुरू करतो.

फेब्रुवारीत मुंबईला काळा घोडा कला फेस्टिवलला गेलो होतो. रात्री बडनेऱ्याला विदर्भ एक्सप्रेस पकडली, सकाळी सीएसएमटी, तिथून पायीच. हा फेस्टिवल 1999 पासून भरतो, नऊ दिवस चालतो, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते म्हणून सकाळीच जा. रस्त्यावरची मोठमोठी इन्स्टॉलेशन्स, म्हणजे जागेवरच उभारलेल्या कलाकृती, पाहिली, छान होती, पण माझा जीव अडकला शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत. 1952 ची गॅलरी, तिकीट नाही, कोणी अडवत नाही. आणि चित्रकार स्वतः तिथंच बसलेले असतात, हे मला सगळ्यात भारी वाटलं. एका ताईंच्या चित्रात नांगरलेलं रान होतं, जवळ गेलो तर रंगाचे थरावर थर, मी विचारलं हे ब्रशनं कसं केलं, तर म्हणाल्या ब्रश नाही, रंग लावायच्या चपट्या नाईफनं, आणि मग कुठला थर आधी वाळू द्यायचा, कुठला ओला असतानाच खरवडायचा हे त्यांनी चित्रासमोर उभं राहून सांगितलं. काळी माती काळी नसते हो, तिच्यात जांभळा असतो, तपकिरी असतो. आमच्या वावरात रोज पाहतो ती माती, पण इतकी निरखून तिथंच पाहिली.

झाडीतला:
दादा मस्त. मुंबई दूर पडते आम्हाले, नागपूर जवळ. सिव्हिल लाईन्सला दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात क्राफ्ट मेळा भरते तिथं जातो. बस्तरचे ढोकरावाले, म्हणजे पितळेच्या ओतीव वस्तू करणारे, येतात, त्यायच्याजवळ बसून पाहा. मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या बारीक वळ्या, वरून परत माती, भट्टीत मेण वितळून जाते अन् त्या पोकळीत पितळ ओततात, मंग वरची माती फोडाच लागते. म्हणून तशीच दुसरी वस्तू होतच नाही. लोकं तिथं भाजीसारखा भाव करतात, मले लय वाईट वाटते. परवडत नसन तर नका घेऊ, पण त्या हाताची किंमत पाडू नका.

वऱ्हाडची लेक:
मी पोरीले घेऊन मुंबईच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेली होती. तिथं जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातलं वासुदेव गायतोंडे यांचं चित्र पाह्यलं. माणूस नाही, झाड नाही, नुसता रंग, पण हलावंच वाटे ना तिथून. गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले, आन त्यांचं एक चित्र 2021 मध्ये लिलावात 39.98 कोटीला गेलं. चित्रकार सय्यद हैदर रझाही नागपूरच्या कला शाळेत शिकले. हे आपल्या शाळेत कोणी सांगतलंच नाही आपल्याले! पोरगी आता कोरा कागद दिसला की रंगवत बसते, मी अडवत नाही.

संत्रानगरी:
गणपतीच्या आधी नागपूरच्या महाल भागातली चितारओळ, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, पाहा. मूर्तीचे डोळे रंगवताना कारागीर कोणाशी बोलत नाहीत, तेव्हा आपणही प्रश्न विचारायचे नाहीत, नंतर निवांत विचारा, सगळं सांगतात.

नवी मास्तरीण:
पाचवीच्या मुलांना कुठं नेऊ? जास्त खर्च नको.

पांदणवाट:
ताई, नागपूरचा अजब बंगला, 1863 पासूनचं संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, तो वार टाळा. मुलांजवळ वही-पेन्सिल द्या आणि एकेकाला एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढू द्या, पूर्ण बंगला फिरवायची घाई करू नका. तुम्ही गेलात की इथं नक्की लिहा. बाकी यवतमाळ, वाशीमवाले, तुम्ही कुठं आहात? या ना.