अनुभव धागा : तैवानचे मूलनिवासी संस्कृती उद्यान, मुलांसोबत

तैवानच्या नान्तौ परगण्यात, सन मून लेकजवळच्या डोंगरउतारावर १९८६ सालापासून ‘फॉर्मोसन अ‍ॅबोरिजिनल कल्चर व्हिलेज’ हे उद्यान आहे. रोलर कोस्टरसारखी करमणूक आणि मूलनिवासी जमातींची घरे, नृत्य, विणकाम असे दोन्ही तिथे एकाच आवारात आहे. एका दिवसात दोहोंना न्याय देता येतो का, याविषयी जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

येतो, पण सुरुवात वरून करावी. प्रवेशद्वारापाशी युरोपीय धाटणीची बाग आणि पुढे पाळणे आहेत. मुले एकदा तिथे रमली की वरच्या वस्त्यांपर्यंत कोणी पोहोचत नाही. आम्ही सकाळीच केबल कारने वर गेलो आणि एकेक वस्ती पाहत पायी उतरलो. सोबत सासूबाई होत्या, त्यांनाही उतार झेपला.

*

मी वास्तुरचनेचा विद्यार्थी असल्यामुळे माझा बहुतेक वेळ घरांपाशीच गेला. पाइवान आणि रुकाई जमातींच्या घरांत पाटीच्या दगडाच्या चपट्या लाद्या चुन्याशिवाय एकावर एक रचलेल्या असतात, छपरावरही त्याच लाद्या असतात आणि दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे लागते. लान्यू बेटावरच्या ताओ लोकांचे घर तर जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात बांधलेले असते, कारण तिथे वादळी वाऱ्यांचा मारा फार. लांबून केवळ छप्पर दिसते. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने ‘पावसाचे पाणी आत साचत नाही का?’ असे विचारले, आणि खड्ड्यातून पाणी बाहेर काढणारे चर शोधण्यात आमचा बराच वेळ फार आनंदात गेला. पाळण्यांची आठवण तिला त्यानंतरच झाली.

*

चेरीचा बहर पाहायचा असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे, मात्र तेव्हा गर्दी अफाट असते.

*

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. उद्यान सुरू झाले तेव्हा नऊ जमाती धरल्या जात. आज सरकारमान्य जमाती १६ आहेत. ज्या तलावाजवळ हे उद्यान आहे, तिथल्या थाव लोकांना स्वतंत्र मान्यता २००१ मध्ये मिळाली. रंगमंचावरचा कार्यक्रम देखणा असतो, परंतु बुनून जमातीतल्या पुरुषांचे बाजरीच्या पिकासाठीचे अनेक स्वरांतले प्रार्थनागीत हा मुळात विधी आहे, एवढे तरी मुलांना आधी सांगून ठेवावे. मग ती टाळ्यांपलीकडचे काही ऐकतात. शक्य असल्यास रोपवेने तलावाकडे उतरून चालत इता थाव या गावी जावे, कारण तिथे थाव कुटुंबे आजही राहतात आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलता येते. रोपवे संध्याकाळ होण्यापूर्वीच बंद होतो, त्यामुळे परतीची वेळ आधी विचारून घ्यावी.