प्रति: संवेदनशीलता पूर्ण वाढवावी का?

मेटल डिटेक्टरची (धातू शोधणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता शेवटच्या अंकापर्यंत नेली की यंत्र अधिक खोलवरचे पकडते, हे या चर्चेत आधी मांडलेले मत खनिजे कमी असलेल्या मातीपुरते मान्य आहे. पुण्याच्या परिसरात मात्र ते उलटे पडते. येथील जमीन बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्यामुळे संवेदनशीलता जितकी वाढवावी तितका जमिनीचाच गोंगाट वाढतो व खऱ्या धातूचा संकेत त्यात बुडून जातो.

सासवडजवळच्या शेतात वहिनींची अंगठी शोधताना मी हाच घोळ घातला होता. प्रत्येक काळ्या खड्यावर यंत्र वाजत होते. शेवटी धातू नसलेल्या जागी कॉइल (यंत्राच्या टोकाची शोध घेणारी तबकडी) वर-खाली हलवून ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा संकेत यंत्राने सोडून द्यावा अशी जुळणी केली, संवेदनशीलता निम्म्यावर आणली आणि लहान कॉइल लावली, तेव्हा अंगठी चार बोटे खोलीवर मिळाली. पल्स इंडक्शन यंत्र (विद्युत प्रवाहाचे छोटे ठोके सोडून धातू शोधणारा डिटेक्टरचा प्रकार) अशा जमिनीत अधिक शांत चालते हे खरे, पण त्याला लोखंड आणि सोने यांतला फरक नीट कळत नाही; खिळ्यांनी भरलेल्या गावठाणात ते घेऊ नये, असे माझे मत आहे.