फिलोमिना कंकचे प्रश्न : तुमचे अनुभव लिहा

'कंक ऑन अर्थ' बघितलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, बीबीसीने 2022 मध्ये पाच भागांची सिरीज काढली, पुढच्या वर्षी ती नेटफ्लिक्सवर आली. डायन मॉर्गन ही अभिनेत्री फिलोमिना कंक नावाची निवेदिका होते आणि मख्ख चेहऱ्याने मानवजातीचा इतिहास सांगत फिरते. कॅरेक्टर ब्रिटिश विनोदी लेखक चार्ली ब्रूकरच्या टीव्ही कार्यक्रमांतून आलेलं. समोर बसलेले प्राध्यापक मात्र खरेखुरे. ही कॉमेडी आहे हे त्यांना माहीत असतं, पण प्रश्न आधी दिलेले नसतात. मला सगळ्यात आवडतात ते हे प्राध्यापक, कारण कितीही येडचाप प्रश्न आला तरी ती माणसं नीट उत्तर देतात. तुम्हाला काय भावलं, कुणासोबत बघितलं, काही नवीन वाचायला लागलात का, सगळं सविस्तर लिहा.

---

मी लीड्सला असते. बाबा इकडे आले होते तेव्हा लावलं, आधी काहीच सांगितलं नाही. ते चहा घेऊन बसले, वाळवंट, ड्रोन शॉट, गंभीर म्युझिक, एकदम खूश. मग ती एका तज्ज्ञाला विचारते की पिरॅमिडवर बेघर लोकांनी झोपू नये म्हणून तसा आकार केला का, आणि बाबांनी कप खाली ठेवला, "अगं, ही बाई शुद्धीत आहे ना?" नंतर मात्र त्यांनी बाकीचे भाग स्वतःच लावून बघितले. इकडे राहून एक लक्षात आलं, ही अभिनेत्री उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टनची आहे, बोलणं अस्सल तिकडचं. इतिहासाच्या डॉक्युमेंट्र्या इथे वर्षानुवर्षं उच्चभ्रू इंग्रजीत ऐकवल्या गेल्या, 1969 ची केनेथ क्लार्कची 'सिव्हिलायझेशन' बघा म्हणजे कळेल. त्याच ऐटीत ही बोल्टनची बाई उभी राहते तिथेच अर्धी गंमत होते, माझ्या ऑफिसातले लोक तर तिच्या नुसत्या उच्चारावर फिदा आहेत.

---

शाळेत इतिहास शिकवतो, नाशिक जिल्हा. कंक बघितल्यापासून वर्गातले आडवेतिडवे प्रश्न मला जास्तच आवडायला लागलेत. सहावीतल्या एकाने विचारलं, "सर, पिरॅमिड बांधणाऱ्यांना सुट्टी असायची का?" अख्खा वर्ग हसला, पण प्रश्न एक नंबर आहे! पिरॅमिडवाल्यांचं नाही पण त्यांच्या हजारेक वर्षांनंतर राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचं चक्क हजेरीपत्रक सापडलंय, चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेलं, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोण कधी का आला नाही ते सगळं त्यात आहे, आजारी होता, विंचू चावला, बिअर बनवत होता, आईच्या अंत्यविधीच्या तयारीत होता. मी फोटो दाखवला तर बिअरवर पोरं लोळायची बाकी राहिली, पण आईचं वाचलं तसा तोच पोरगा म्हणाला, म्हणजे आपल्यासारखेच होते की ते. पुढचा तास सगळा त्यावरच गेला आणि मी जाऊ दिला.

---

मला नाही झेपलं फारसं, प्रामाणिकपणे लिहितो. जगाचा इतिहास म्हणायचं आणि बराचसा वेळ युरोप-अमेरिकेत घालवायचा हे खटकलं. शिवाय ते 'पंप अप द जॅम' गाणं सारखं सारखं येतं. आम्ही 'भारत एक खोज'वर वाढलेले लोक, 1988 मध्ये दूरदर्शनवर बेनेगलांनी 53 भाग दिले आणि रोशन सेठ नेहरूंच्या वेषात कॅमेऱ्यासमोर येऊन बोलायचे तेव्हा घरात कुणी आवाज करायचा नाही. इतिहासाला तसा वेळ द्यावा लागतो असं माझं ठाम मत आहे.

---

वरच्या दादांशी थोडा असहमत. ते गाणं मुद्दाम आहे हो. डॉक्युमेंटरीत घटनांचा क्रम लावताना आपण काहीही एका ओळीत बसवतो, ही बाई एखाद्या मोठ्या घटनेचं अंतर 1989 च्या त्या बेल्जियन गाण्यापासून मोजते आणि क्लिप वाजते. मी मुंबईत एडिटिंग करते, आमच्यासाठी ही सिरीज म्हणजे शाळा आहे. चालत चालत पीटीसी (म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं), कड्याच्या टोकाला उभं राहून क्षितिजाकडे बघणं, मग ड्रोन, सगळं जसंच्या तसं आणि तितक्याच मेहनतीने केलंय. स्वस्तात शूट केलं असतं तर विनोद पडला असता. आणि कट कुठे नाही ते बघा! प्रश्न विचारून झाल्यावर तज्ज्ञाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तसाच ठेवलाय. आम्ही असा पॉज पहिल्या फेरीतच उडवतो, इथे तोच जीव आहे. त्यात जिम अल-खलिलींसारखा माणूस, जो स्वतः बीबीसीसाठी विज्ञानाच्या खऱ्या डॉक्युमेंट्र्या करतो, तो समोर बसून शांतपणे समजावतो. केवढा मोठेपणा लागतो त्याला.

---

अण्वस्त्रांचा सीन कुणीच लिहिला नाही? तिला वाटत असतं ती जुनी गोष्ट आहे, तज्ज्ञ सांगतात की अजून आहेत, आणि तिचा चेहरा पडतो, रडवेली होऊन म्हणते विषय बदला, अब्बा या पॉप बँडबद्दल बोलू या. आणि ते खरंच अब्बाबद्दल बोलतात! मी आणि नवरा हसत होतो आणि हसता हसता गप्प झालो, कारण ती बरोबर घाबरली होती ना. एवढ्या बातम्या रोज वाचतो, पण असं एकदम कधी टोचलं नव्हतं.

---

नवीन बघणाऱ्यांनी 'अर्थ'पासूनच सुरुवात करा, मग 2018 चं 'कंक ऑन ब्रिटन', त्यात इंग्लंडचे राजेराण्या थोडे माहीत असतील तर जास्त मजा येते. शेक्सपियरवाला भाग 2016 चा, त्याच्या मृत्यूला 400 वर्षं झाली तेव्हाचा, नाटकं वाचली असतील तर सोडू नका. सबटायटल लावून बघा, ती भराभर बोलते आणि अर्धे विनोद वाक्याच्या शेपटीला असतात.