मोक्का राहू द्या, पण पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून नको

वैनगंगा: ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कडक कायदा) न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, त्यांतले कित्येक भाग हुबेहूब सारखे आहेत, असं निकालात आहे. बारांपैकी एक जण त्याआधीच तुरुंगात वारला होता. एरवी पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, मोक्काच्या कलम १८ मुळे उपायुक्त किंवा अधीक्षकाने नोंदवलेली चालते. हे कलम रद्द व्हायलाच हवं.

मांजराकाठ: ताई, त्या निकालाचा दाखला इतर मोक्का खटल्यांत देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलंय, तेवढं लिहायचं राहिलं. मी केज तालुक्यातला. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन हाल हाल करून मारलं. पवनचक्की कंपनीकडच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आमच्याकडे खंडणी मागणारा ठाण्यात साहेबांसमोर खुर्ची टाकून बसतो. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोण धजावेल? साध्या कायद्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही की आरोपी जामिनावर सुटतो आणि आधी साक्षीदाराचं दार ठोठावतो. मोक्कात कोर्टाच्या परवानगीने पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मिळतात. पत्रकार जे. डे यांच्या खुनात छोटा राजनला २०१८ साली जन्मठेप झाली, तीही मोक्का न्यायालयातच.

वैनगंगा: दादा, १८० दिवसांना माझा विरोध नाही. देशमुखांना मारतानाचे व्हिडिओ आरोपपत्रात आहेत, तिथे कबुली कशाला हवी?

तारीख_पे_तारीख: वकिली करतो म्हणून सांगतो, कलम १८ इतकीच भीती संघटित गुन्ह्याच्या व्याख्येची आहे. मोक्का लावायला दहा वर्षांत दोन आरोपपत्रं लागतात, पण ती टोळीवर असली तरी पुरतात, प्रत्येक आरोपीवर वेगळी लागत नाहीत. म्हणजे कोयता घेऊन नाचणाऱ्या टोळक्यातलं पहिल्यांदाच सापडलेलं एकोणीस वर्षांचं पोरही आत. टोळीचा सदस्य ठरला की किमान पाच वर्षं. जामिनासाठी तो दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, असं न्यायाधीशांना वाटलं पाहिजे. उपमहानिरीक्षकांची पूर्वमंजुरी लागते, पण बहुतेकदा खालून आलेल्या प्रस्तावावर सही होऊन फाईल परत येते.

मांजराकाठ: वकीलसाहेब, त्या पोराच्या कोयत्याखाली आलेल्या दुकानदाराला काय सांगायचं? पोरगं पहिल्यांदा सापडलं म्हणून टोळी नवी होत नाही. जामिनाची अट सैल केली की गावात कोणी तोंड उघडणार नाही.

वैनगंगा: आणि लोकलमध्ये गेलेल्या १८९ माणसांच्या घरच्यांना काय सांगायचं? एकोणीस वर्षांनंतर बॉम्ब कोणी ठेवले हेच सिद्ध नाही. कबुली हातात आली की तपास तिथेच थांबतो, दादा. कलम १८ ला विरोध त्यांच्यासाठीही आहे.