मदत हवी आहे: मेडिकलमध्ये एचआयव्ही निघाला म्हणून बहिणीला कामावर घेतलं नाही

गोदाकाठचा
नमस्कार. प्रश्न माझ्या मोठ्या बहिणीचा आहे, तिला विचारूनच लिहितोय. ताई वाळूजला बजाजनगरात खोली करून राहते. दाजी वारले तेव्हा तिचीही एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली. घाटीतून (इथलं सरकारी रुग्णालय) एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत आहे, लेकरांचं सगळं तीच बघते.

मध्यंतरी एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला ठेकेदारामार्फत तिची निवड झाली. जॉइनिंगच्या आधी मेडिकल म्हणून रक्त घेतलं. कशाची तपासणी आहे ते कुणी सांगितलं नाही. मग सुपरवायझरचा फोन आला, 'मेडिकल अनफिट आलंय, येऊ नका.' कारण विचारलं तर म्हणाला, 'तुम्हाला माहीत आहे की.' म्हणजे रिपोर्ट त्याच्यापर्यंत गेलाच! काम गेल्यापेक्षा ताईला जास्त धास्ती याची आहे की गल्लीत कळालं तर खोली सोडावी लागेल.

ओळखीचे वकील म्हणाले, प्रायव्हेटवाले कुणालाही नाकारू शकतात. खरंच काहीच करता येत नाही का? आणि नाव बाहेर न येता लढता येतं का?

कामगार_जालना
वकीलसाहेबांचं म्हणणं इथं लागू होत नाही. संविधानातलं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे आणि खाजगी भरतीतला सगळा भेदभाव रोखणारा एकच कायदा आपल्याकडे नाही, म्हणून हा समज पसरलाय. पण एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याच्या कलम ३ प्रमाणे एचआयव्ही आहे म्हणून कामावर घ्यायला नकार देता येत नाही, आणि नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करणंही भेदभावच ठरतो. कंपनी खाजगी असो की मध्ये ठेकेदार असो, सुटका नाही. कलम ५ नुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय तपासणीच करता येत नाही. रिपोर्ट सुपरवायझरच्या हाती जाणं तर मला सगळ्यात संतापजनक वाटतं.

हे आजचं नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता. तो काम करायला सक्षम होता, फक्त एचआयव्हीमुळे त्याला कामगारांच्या यादीतून काढलं होतं. निकालात त्याचं नाव 'एमएक्स' आणि मालकाचं 'झेडवाय' एवढंच आहे. आता तर कायद्यातच तरतूद आहे: कलम ३४ खाली टोपणनावाने दावा चालवायची आणि बंद दालनात सुनावणीची मागणी करता येते.

गोदाकाठचा
दादा, फार आधार वाटला. पण रक्त घेताना तिची एका कागदावर सही घेतलीय. त्यामुळे संमती दिली असं होईल का?

विधीसेवा_लातूर
नुसती सही म्हणजे संमती नव्हे. कसली तपासणी, कशासाठी, हे सांगून घेतलेली संमतीच कायदा मानतो. आणि समजा संमती असली, तरी नकाराचं कारण एचआयव्ही असेल तर भेदभाव उरतोच.

ताईंच्या नावाने कंपनीला अर्ज लिहा: मेडिकल रिपोर्टची प्रत आणि नाकारण्याचं कारण लेखी द्या. अर्जात एचआयव्ही हा शब्द तुम्ही लिहू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. सुपरवायझरच्या फोनची तारीख आणि वेळ आजच लिहून काढा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तो कोण आहे ते वेगळ्या पत्राने विचारा. तिथं दाद लागली नाही तर या कायद्यातल्या लोकपालाकडे (अशा तक्रारी ऐकायला राज्याने नेमलेला अधिकारी) जाता येतं. त्यांचा आदेश मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढे रोजचा वेगळा. रक्कम कंपनीला किरकोळ आहे, हे मान्य, पण लेखी आदेशाला त्या घाबरतात.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. लोकपालाचा पत्ता १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा, नाहीतर घाटीतल्या समुपदेशकांना. ताई त्यांना ओळखतच असतील.

कामगार_जालना
एक राहिलं. रिपोर्ट कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आणि कंपनीचं नाव इथं टाकू नका. गेटवर दहा जणांत एकच बाई नाकारली असेल तर लोक लगेच ओळखतात.

गोदाकाठचा
ताईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, अर्ज मी माझ्या हाताने लिहिते. सोमवारी न्यायालयात सोबत जातोय.