दाबून वाळवलेली पानं-फुलं काळी का पडतात?

प्रश्न: ऋतू बदलला की पानं-फुलं वहीत दाबून ठेवायला छान वाटतं, मनही रमतं. पण चार दिवसांत सगळं काळपट! चुकतं कुठे?

उत्तर १: ओल अडकते. दव सुकल्यावरच तोडा. वहीचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही; टीपकागद किंवा वर्तमानपत्र घ्या, वर चार-पाच किलो वजन ठेवा. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. नेमका हाच कंटाळा सगळे करतात. मग दोन-तीन आठवडे उघडू नका.

उत्तर २: जाड फुलं अख्खी दाबू नका, पाकळ्या सुट्या करा. आणि वाळलेल्या फुलांची फ्रेम करून उन्हात टांगली तर रंग उडणारच.

प्रश्नकर्ता: वाळलं हे कसं ओळखायचं?

उत्तर १: उचलल्यावर लवत नाही, गालाला गार लागत नाही.